दुसऱ्या डोसचा प्रश्न: एम-आरएनए लसीनंतरचा हृदयदाह आणि २०२१ मधला एक निर्णय

एप्रिल ते जून २०२१ या काळात अमेरिकेच्या लसीकरण यंत्रणेसमोर एक अवघड प्रश्न उभा राहिला. कोविडच्या एम-आरएनए लसीचा दुसरा डोस घेतल्यावर काही तरुणांच्या, त्यातही मुलग्यांच्या, हृदयाच्या स्नायूला सूज येत असेल, तर बारा वर्षांवरील मुलांना तो डोस द्यायचा का, आणि द्यायचा तर कशा रीतीने? या अभ्यासात त्या निर्णयाची पार्श्वभूमी, समोर असलेले पर्याय, प्रत्यक्षात झालेली कृती आणि तिचे परिणाम मांडले आहेत. रुग्णांची आणि समितीतील सदस्यांची नावे दिलेली नाहीत. आकडे मात्र सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध झालेले आहेत. माझे मत सुरुवातीलाच नोंदवलेले बरे: धोका ओळखण्यात ही यंत्रणा फारशी कमी पडली नाही, पर्याय मांडण्यात कमी पडली. चर्चा लस द्यावी की थांबवावी या दोन टोकांमध्ये अडकली आणि दोन डोसांमधले अंतर वाढवण्याचा, जवळजवळ बिनखर्चाचा मार्ग अमेरिकेत सुमारे आठ महिने बाजूला पडून राहिला.

पार्श्वभूमी

११ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फायझर-बायोएनटेकच्या लसीला आणि त्यानंतर आठवड्याभराने, १८ डिसेंबरला, मॉडर्नाच्या लसीला आपत्कालीन वापराची परवानगी दिली. दोन्ही लसी एकाच तत्त्वावर चालतात: विषाणूचे काटेरी प्रथिन कसे बनवायचे याची कृती एम-आरएनएच्या रूपाने पेशींना दिली जाते आणि पेशींनी बनवलेल्या त्या प्रथिनावर शरीर प्रतिकारशक्ती उभी करते. मात्रेत मात्र मोठा फरक होता. फायझरच्या एका डोसात ३० मायक्रोग्रॅम एम-आरएनए होते, तर मॉडर्नाच्या डोसात १००. दोन डोसांमधले अंतर फायझरसाठी तीन आठवडे आणि मॉडर्नासाठी चार आठवडे ठरले, कारण चाचण्या याच अंतराने झाल्या होत्या. रोज हजारो माणसे मरत असताना लवकरात लवकर संरक्षण मिळावे म्हणून चाचण्यांत कमी अंतर निवडले गेले होते, आणि त्या क्षणी ते योग्यच होते. सर्वोत्तम अंतर कोणते, हा प्रश्न त्या चाचण्यांनी तपासलाच नव्हता.

१० मे २०२१ रोजी फायझरची परवानगी १२ ते १५ वर्षे वयोगटापर्यंत वाढवण्यात आली. त्यामागच्या चाचणीत २,२६० मुले होती आणि त्यांपैकी निम्म्यांना खरी लस मिळाली होती. इथे थोडे गणित आवश्यक आहे, कारण 'चाचणीत हे कसे दिसले नाही?' हा प्रश्न पालक आजही विचारतात. सुमारे अकराशे मुलांमध्ये एखादा दुष्परिणाम एकदाही आढळला नाही, तर संख्याशास्त्राच्या साध्या नियमाने एवढेच म्हणता येते की त्याचे प्रमाण बहुधा पावणेचारशेत एकापेक्षा जास्त नसावे. पुढे या वयाच्या मुलग्यांमध्ये हृदयदाहाचे प्रमाण दुसऱ्या डोसानंतर साधारण चौदा हजारांत एक असे निघाले. अकराशे मुलांच्या चाचणीत, ज्यात मुलगे निम्मेच होते, असा धोका दिसणे अपेक्षितच नव्हते. तो शोधण्याची जबाबदारी परवानगीनंतरच्या देखरेखीवर होती.

लसीनंतर हृदयाला सूज येणे ही वैद्यकाला अगदी अपरिचित गोष्टही नव्हती. २००२ च्या अखेरीपासून अमेरिकेने आपल्या सैनिकांना देवीची लस पुन्हा द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती पहिल्यांदाच घेणाऱ्या २,३०,७३४ सैनिकांपैकी १८ जणांना हृदयदाह झाल्याची नोंद आहे. तेही बहुतांश तरुण पुरुषच होते. त्यामुळे २०२१ मध्ये लष्करी डॉक्टरांच्या लक्षात हा प्रकार लवकर आला, यात नवल नाही.

अडचण कशी समोर आली

पहिला मोठा इशारा इस्राएलमधून आला. त्या देशाने डिसेंबर २०२० मध्ये मोहीम सुरू केली होती, जवळजवळ सर्वांना फायझरचीच लस दिली होती आणि दुसरा डोस काटेकोरपणे २१ दिवसांनी दिला होता. एकच लस, एकच अंतर आणि प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद उपलब्ध, यामुळे तिथले चित्र इतरांपेक्षा स्वच्छ होते. जून २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की डिसेंबर ते मे या काळात हृदयदाहाचे २७५ रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी १४८ जणांना लसीकरणाच्या आसपास त्रास सुरू झाला होता. या १४८ मध्ये पहिल्या डोसानंतरचे रुग्ण २७ आणि दुसऱ्या डोसानंतरचे १२१ होते. बहुतेक जण १६ ते ३० वर्षांचे पुरुष होते. नंतर झालेल्या बारकाईच्या छाननीत १६ ते १९ वर्षांच्या मुलग्यांमध्ये दुसऱ्या डोसानंतर ६,६३७ जणांत एक असे प्रमाण निघाले. निश्चित किंवा संभाव्य ठरलेल्या १३६ रुग्णांपैकी ९५ टक्क्यांचा आजार सौम्य होता. एकाचा मृत्यू झाला.

अमेरिकेच्या लष्करी दवाखान्यांतही याच सुमारास २३ पुरुष आले होते. सगळे आधी धडधाकट, सगळ्यांच्या छातीत लस घेतल्यापासून चार दिवसांच्या आत दुखू लागलेले, आणि त्यांतले २० जण दुसऱ्या डोसानंतरचे.

या प्रकरणातला पहिला निर्णायक टप्पा मे महिन्यातला आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या लस-सुरक्षा कार्यगटाने १७ मे रोजी नोंदवले की हृदयदाहाचे काही अहवाल आले आहेत, परंतु केंद्राच्या देखरेख यंत्रणांत त्याचे प्रमाण नेहमीच्या अपेक्षेपेक्षा वेगळे दिसत नाही. आठवड्याभराने, २४ मे रोजी, त्याच गटाने सांगितले की १६ ते २४ वयोगटात अहवालांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त आहे. एका आठवड्यात वास्तव बदलले नव्हते, पाहण्याची चौकट बदलली होती. सर्व वयांचे स्त्री-पुरुष एकत्र धरून आणि लसीनंतरचे तीन आठवडे मोजून सरासरी काढली, तर साठीच्या आजीबाई आणि सतरा वर्षांचा मुलगा एकाच हिशोबात जातात आणि मुलग्याचा धोका त्या गर्दीत विरून जातो. वय, लिंग, डोसाचा क्रमांक आणि पहिले सात दिवस अशा चार चाळण्यांतून तेच आकडे काढले की खूण ठळक होते. देवीच्या लसीचा अनुभव आणि इस्राएलकडून येणाऱ्या बातम्या हाताशी असताना ही चाळणी एप्रिलमध्येच लावता आली असती, असे मला वाटते.

रुग्णालयात दिसणारे चित्र

धोरणाच्या चर्चेत आकडे एवढे येतात की आजार नेमका कसा दिसतो हे मागे पडते. त्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेली वर्णने एकमेकांशी विलक्षण जुळणारी होती. रुग्ण किशोरवयीन किंवा विशीतला मुलगा. दुसऱ्या डोसानंतर पहिल्या दिवशी ताप आणि अंगदुखी, जी लस घेतलेल्या अनेकांना होतेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीत दुखणे, कधी श्वास घेताना किंवा आडवे झाल्यावर वाढणारे, कधी धाप किंवा धडधड. आपत्कालीन विभागात ईसीजीमध्ये बदल आणि रक्तातील ट्रोपोनिन खूप वाढलेले. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे द्योतक. पन्नाशीच्या माणसात ते वाढलेले दिसले तर डॉक्टर आधी हृदयविकाराच्या झटक्याचा विचार करतात, पण सोळा वर्षांच्या मुलात ती शक्यता फारच कमी असते. इकोमध्ये बहुतेकांच्या हृदयाचे आकुंचन ठीक असे. एमआरआयमध्ये मात्र स्नायूतील सूज आणि डाव्या कप्प्याच्या बाहेरील भिंतीलगत इजेचे डाग दिसत. त्याच वेळी कोविडचा संसर्ग, इतर विषाणू आणि मुलांमध्ये कोविडनंतर होणारा बहुअवयवी दाह हे सगळे तपासून वगळावे लागे.

उपचारही बहुतेकदा साधेच होते: आयबुप्रोफेनसारखी दाहशामक औषधे, काहींना कोल्चिसिन, निवडक रुग्णांना स्टेरॉइड किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, आणि हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष. घरी सोडताना दिला जाणारा सर्वांत महत्त्वाचा सल्ला औषधाचा नव्हता, तर तीन ते सहा महिने धावणे, पोहणे, स्पर्धात्मक खेळ बंद ठेवण्याचा होता, कारण सुजलेल्या हृदयावर व्यायामाचा ताण आला तर ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. शाळेच्या संघात खेळणाऱ्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना हा सल्ला पाळणे किती जड गेले असेल, हे वेगळे सांगायला नको.

असे का होते, याचे पूर्ण उत्तर तेव्हा नव्हते. नंतरच्या संशोधनात अशा काही तरुण रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडांना (अँटीबॉडींना) न बांधले गेलेले मोकळे काटेरी प्रथिन आढळले, तर दुसऱ्या एका अभ्यासात प्रतिपिंडांपेक्षा दाह पेटवणाऱ्या रसायनांची अतिरेकी लाट कारणीभूत असल्याचे दिसले. तरुण पुरुषांनाच जास्त का, याबाबत पुरुषी संप्रेरकांचा संबंध सुचवला जातो.

समोर असलेले पर्याय

जून २०२१ च्या मध्यात अमेरिकी यंत्रणेला निदान पाच गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. पहिली, तरुणांचे, किमान मुलग्यांचे लसीकरण थांबवणे. दुसरी, आहे तसे चालू ठेवून डॉक्टरांना आणि पालकांना लेखी इशारा देणे. तिसरी, दोन डोसांमधले अंतर वाढवणे. चौथी, या वयाला सध्या एकच डोस देऊन वाट पाहणे, किंवा ज्यांना कोविड होऊन गेला आहे त्यांच्यासाठी एक डोस पुरेसा मानणे. पाचवी, तरुण पुरुषांसाठी कमी मात्रेची लस पसंत करणे, म्हणजे मॉडर्नाऐवजी फायझर.

यांपैकी तिसरा आणि चौथा पर्याय काल्पनिक नव्हते. ब्रिटनने २०२०-२१ च्या हिवाळ्यातच दोन डोसांमध्ये बारा आठवड्यांपर्यंत अंतर ठेवले होते आणि कॅनडाने मार्च २०२१ मध्ये ते सोळा आठवड्यांपर्यंत नेले होते. दोघांचे कारण लसींचा तुटवडा हे होते, हृदयदाह नव्हे. फ्रान्सने तर फेब्रुवारी २०२१ मध्येच कोविड होऊन गेलेल्यांना एकच डोस सुचवला होता. भारतानेही मे २०२१ मध्ये कोव्हिशिल्डचे अंतर १२ ते १६ आठवडे केले होते. ती लस वेगळ्या प्रकारची आणि हृदयदाहाचा हा मुद्दा तिला तसाच्या तसा लागू नाही, पण न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात आजोबांचा पुण्यातला दुसरा डोस तीन महिन्यांनी आणि नातवाचा तीन आठवड्यांनी कसा, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात स्वाभाविकच होता.

अंतर वाढवण्याविरुद्धचा युक्तिवादही दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. कोविड विषाणूचा डेल्टा प्रकार वेगाने पसरत होता आणि त्याच्याविरुद्ध एका डोसाचे संरक्षण दोन डोसांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. ऑगस्टमध्ये शाळा उघडणार होत्या. शिवाय अंतर बदलले तर 'आधीचे वेळापत्रक चुकले होते का?' अशी शंका लोकांच्या मनात येईल, ही भीती होती. यातली पहिली दोन कारणे वैद्यकीय आहेत आणि मान्य करण्याजोगी आहेत. तिसरे कारण प्रतिमेचे आहे, आणि प्रतिमेच्या काळजीने घेतलेले आरोग्यविषयक निर्णय क्वचितच प्रतिमा वाचवतात.

२३ जूनची बैठक

रोगनियंत्रण केंद्राला लसीकरणाबाबत सल्ला देणाऱ्या समितीची बैठक २३ जून २०२१ रोजी झाली. तोपर्यंत, म्हणजे ११ जूनपर्यंत, एम-आरएनए लसींचे सुमारे २९ कोटी ६० लाख डोस दिले गेले होते आणि हृदयदाहाचे १,२२६ अहवाल आले होते. तिशीच्या आतल्या ज्या रुग्णांच्या नोंदी तपासून व्याख्येत बसतात असे ठरले, ते ३२३ होते. त्यांचे मध्यक (क्रमाने लावल्यास अगदी मधले) वय १९ वर्षे, त्यांत २९१ पुरुष, आणि लक्षणे सुरू होण्याचा मध्यक कालावधी दोन दिवस. ३०९ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, २९५ जणांना तोपर्यंत घरी सोडले होते.

समितीसमोर फायदा आणि धोका यांचा तक्ता ठेवला गेला. १२ ते १७ वर्षांच्या दहा लाख मुलग्यांना दुसरा डोस दिला, तर हृदयदाहाचे ५६ ते ६९ रुग्ण अपेक्षित होते. त्याच्या बदल्यात पुढच्या १२० दिवसांत कोविडचे ५,७०० रुग्ण, २१५ जणांचे रुग्णालयात दाखल होणे, ७१ जणांचे अतिदक्षता विभागात जाणे आणि २ मृत्यू टळणार होते. त्याच वयाच्या मुलींमध्ये हृदयदाहाचा धोका कितीतरी कमी होता. म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या गटातही पारडे लसीकडे झुकत होते.

हा तक्ता प्रामाणिक होता आणि वय व लिंगानुसार वेगळा केलेला होता, ही त्याची जमेची बाजू. पण त्यात एक उणीव होती, जिच्याकडे बैठकीत पुरेसे लक्ष गेले नाही. फायद्याच्या रकान्यात दोन्ही डोस पूर्ण झाल्याचे संरक्षण धरले होते, तर धोक्याच्या रकान्यात मुख्यतः दुसऱ्या डोसाचा परिणाम होता. प्रत्यक्षात पालकांसमोरचा प्रश्न दुसऱ्या डोसाचा होता: पहिला डोस झालेला असताना दुसरा डोस आत्ता घेतल्याने, किंवा दोन महिन्यांनी घेतल्याने, किती अधिक फायदा होतो? त्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात नव्हते. तसेच कोविड होऊन गेलेली मुले आणि न झालेली मुले, किंवा आधीचा आजार असलेली आणि नसलेली मुले, यांचे वेगळे हिशोब नव्हते.

समितीने मतदान घेतले नाही. फायदा धोक्यापेक्षा जास्त असल्याचा निष्कर्ष काढून बारा वर्षांवरील सर्वांसाठीची शिफारस कायम ठेवली गेली. दोन दिवसांनी, २५ जूनला, अन्न व औषध प्रशासनाने दोन्ही लसींच्या माहितीपत्रकांत हृदयदाह आणि हृदयावरणदाह (हृदयाभोवतीच्या आवरणाची सूज) यांचा इशारा घातला. त्याआधीच, मेच्या अखेरीस, डॉक्टरांना सूचना गेली होती की लसीनंतर छातीत दुखणाऱ्या तरुणाचा ईसीजी आणि ट्रोपोनिन तपासावे आणि नोंद कळवावी. म्हणजे निवडला गेला तो दुसरा पर्याय: चालू ठेवा आणि सावध करा.

इतरांनी काय निवडले

या प्रकरणाचा अभ्यास करण्यासारखा भाग असा की उरलेले पर्याय इतर देशांनी प्रत्यक्ष वापरले, त्यामुळे तुलना करता येते.

ब्रिटनच्या सल्लागार समितीने ऑगस्ट २०२१ मध्ये १६-१७ वर्षांच्या मुलांसाठी सुरुवातीला एकच डोस सुचवला. सप्टेंबरमध्ये १२ ते १५ वर्षांच्या निरोगी मुलांबाबत तिने म्हटले की फायदा आहे, पण इतका निसटता की सरसकट शिफारस करता येत नाही. त्यानंतर चारही प्रांतांच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शाळा बुडण्याचे नुकसान लक्षात घेऊन एक डोस द्यायचे ठरवले. हाँगकाँगमध्ये मुलग्यांत दुसऱ्या डोसानंतर लाखात सुमारे ३७ इतके मोठे प्रमाण दिसल्यावर १५ सप्टेंबरपासून १२ ते १७ वयोगटाला एकच डोस देण्याचे धोरण आले. तिथे तेव्हा संसर्ग जवळपास नव्हताच, म्हणून हा निर्णय सोपा होता. अमेरिकेची परिस्थिती तशी नव्हती, हे तुलना करताना विसरता येणार नाही.

मात्रेचा मुद्दा उत्तर युरोपाने उचलला. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी स्वीडनने १९९१ नंतर जन्मलेल्यांना, त्या वर्षासह, मॉडर्नाची लस देणे थांबवले. दुसऱ्या दिवशी फिनलंडने तिशीच्या आतील पुरुषांसाठी तेच केले. नोव्हेंबरमध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांनी तिशीच्या आत फायझरचीच लस सुचवली. या निर्णयांना पुढे भक्कम आधार मिळाला. चार नॉर्डिक देशांतील दोन कोटी ३१ लाख लोकांच्या नोंदींत १६ ते २४ वर्षांच्या पुरुषांमध्ये दुसऱ्या डोसानंतरचे अतिरिक्त रुग्ण फायझरसाठी लाखामागे ४ ते ७ आणि मॉडर्नासाठी ९ ते २८ होते. इंग्लंडमधील एका मोठ्या अभ्यासात चाळिशीच्या आतील पुरुषांमध्ये मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसानंतर दहा लाखांमागे ९७ अतिरिक्त रुग्ण, तर कोविडच्या संसर्गानंतर १६ आढळले. 'संसर्गाने हृदयदाहाचा धोका लसीपेक्षा नेहमीच जास्त असतो' हे वाक्य त्या काळात सर्रास वापरले गेले; एकूण लोकसंख्येसाठी ते खरे आहे, परंतु या एका गटासाठी आणि या एका लसीसाठी नाही. अमेरिकेने प्रौढ तरुणांसाठी मॉडर्नावर बंधन आणले नाही, मात्र १२ ते १७ वर्षांसाठीचा तिचा अर्ज अधिक छाननीकरिता रोखून धरला आणि परवानगी जून २०२२ मध्ये दिली.

अंतराबाबतचा पुरावा कॅनडातून, ऑन्टारियो प्रांतातून आला. तिथे वेगवेगळ्या अंतराने डोस दिले गेले असल्याने तुलना आपोआप घडली: तीस दिवसांच्या आत दुसरा डोस घेणाऱ्यांत हृदयदाह जास्त, आठ आठवडे किंवा अधिक थांबणाऱ्यांत कमी. शिवाय अंतर वाढवल्याने प्रतिपिंडांचा प्रतिसाद वाढतो, हे ब्रिटनच्या अनुभवातून दिसत होते. म्हणजे हा पर्याय दुष्परिणाम घटवणारा आणि संरक्षण वाढवणारा असा दोन्हीकडून लाभाचा होता, फक्त पहिल्या दोन महिन्यांच्या कमी संरक्षणाची किंमत मोजावी लागत होती.

परिणाम

अमेरिकेत ऑगस्ट २०२१ पर्यंतच्या नोंदींचे विश्लेषण जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. फायझरच्या दुसऱ्या डोसानंतर दहा लाखांमागे प्रमाण १२ ते १५ वर्षांच्या मुलग्यांत ७०.७ आणि १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत १०५.९ असे निघाले. म्हणजे जूनच्या तक्त्यातील ५६ ते ६९ हा अंदाज थोडा कमी ठरला, तरी पल्ला तोच होता. ज्यांची सविस्तर माहिती मिळाली, त्यांपैकी ९६ टक्के रुग्णालयात दाखल झाले आणि ८७ टक्क्यांची लक्षणे घरी जाईपर्यंत गेली होती. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी नंतर १० मायक्रोग्रॅमची मात्रा आली तेव्हा हा दुष्परिणाम फारच क्वचित दिसला.

अखेर २२ फेब्रुवारी २०२२ रोजी रोगनियंत्रण केंद्राने आपल्या सूचना बदलून म्हटले की बारा वर्षांवरील काहींसाठी, विशेषतः १२ ते ३९ वर्षांच्या पुरुषांसाठी, आठ आठवड्यांचे अंतर अधिक योग्य ठरू शकते. तोवर लस घेऊ इच्छिणाऱ्या बहुसंख्य तरुणांचे दोन्ही डोस केव्हाच झाले होते.

या प्रकरणाचा एक लांबचा पडसाद आपल्याकडेही उमटला. महाराष्ट्रात तरुणांच्या आकस्मिक मृत्यूच्या बातम्या आल्या की समाजमाध्यमांवर अमेरिकेतील हृदयदाहाचे आकडे चिकटवले जाऊ लागले. वस्तुतः भारताच्या मोहिमेत प्रामुख्याने कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिन वापरली गेली आणि यांपैकी एकही एम-आरएनए लस नाही. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एम-आरएनए लसीला परवानगी मिळाली ती जून २०२२ च्या अखेरीस, आणि तिचा वापर मर्यादित राहिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वर्षांच्या ७२९ आकस्मिक मृत्यूंची २,९१६ जणांशी तुलना करून केलेल्या अभ्यासात लसीमुळे अशा मृत्यूची शक्यता वाढल्याचे आढळले नाही.

वेगळे काय करता आले असते

लसीकरण थांबवले नाही, हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. डेल्टाची लाट लगेचच आली आणि तिने तरुणांनाही सोडले नाही. परंतु जूनच्या बैठकीतच पुरुष किशोरांसाठी आठ आठवड्यांचे अंतर 'मान्य पर्याय' म्हणून जाहीर करता आले असते. ज्या भागात संसर्ग वाढत होता किंवा ज्या मुलाला दमा, मधुमेह, स्थूलता होती तिथे तीन आठवडे, आणि इतरत्र आठ, एवढा विवेक बालरोगतज्ज्ञ आणि पालक मिळून सहज करू शकले असते. ऑन्टारियोचा पुरावा तेव्हा प्रसिद्ध झालेला नव्हता, हे खरे. पण कॅनडा आणि ब्रिटनमध्ये लांबवलेले वेळापत्रक महिनोन्‌महिने सुरक्षितपणे चालू होते, ही माहिती होती.

कोविड होऊन गेलेल्या मुलांचा प्रश्न तर बाजूलाच राहिला. फ्रान्ससारखी एका डोसाची मुभा देण्यात प्रशासकीय अडचण होती, कारण अनेक विद्यापीठे आणि आस्थापना 'पूर्ण लसीकरण' म्हणजे दोन डोस असेच मानत होत्या. वैद्यकीय शिफारस लवचीक झाली असती, तर ती बंधनेही सैल करावी लागली असती. बहुधा इथेच निर्णय अडला.

देखरेखीच्या बाबतीत सुधारणा सर्वांत सोपी आहे: नव्या लसीचे आठवड्याचे आकडे पहिल्या दिवसापासून वय, लिंग आणि डोसाचा क्रमांक यांनुसार तोडून, कमी कालावधीच्या चौकटीतही पाहावेत. माहिती तीच असते. ती मांडण्याची सवय बदलावी लागते.

बऱ्या झालेल्या मुलांचे पुढे काय, यात सर्वांत जास्त उशीर झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये फायझरला पूर्ण परवाना देताना अन्न व औषध प्रशासनाने दीर्घकालीन पाठपुराव्याचे अभ्यास करण्याची अट घातली. रोगनियंत्रण केंद्राने १२ ते २९ वर्षांच्या रुग्णांचा किमान ९० दिवसांनंतर मागोवा घेतला, तेव्हा डॉक्टरांकडून माहिती मिळालेल्या ३९३ जणांपैकी ८१ टक्के बरे झाल्याचे मानले गेले. पण ज्या १५१ जणांचा एमआरआय झाला होता, त्यांपैकी ५४ टक्क्यांमध्ये काही ना काही दोष शिल्लक होता. सूज आणि डाग दोन्ही दिसणारे १३ टक्केच होते. लक्षणे नसलेल्या मुलाच्या हृदयावर उरलेल्या या डागांचा अर्थ काय, याचे उत्तर वर्षानुवर्षांच्या तपासणीतूनच मिळू शकते. त्यासाठी आजारपणातील पहिला एमआरआय सर्वांचा एकाच पद्धतीने व्हायला हवा होता, आणि तो करून घेण्याची सूचना मे २०२१ च्या पत्रकातच ईसीजी व ट्रोपोनिनच्या शेजारी बसली असती. जून २०२५ मध्ये प्रशासनाने दोन्ही लसींच्या पत्रकांतील इशारा विस्तारून १२ ते २४ वर्षांच्या पुरुषांचा स्पष्ट उल्लेख केला, २०२३-२४ च्या लसीसाठी त्या गटात दहा लाख डोसांमागे सुमारे २७ हे प्रमाण नमूद केले आणि एमआरआयच्या पाठपुराव्यातील निष्कर्षही त्यात जोडले.